नैरोबीला जाताना : जीव सांभाळा, माणसाचा मान राखा



परदेश म्हटला की पूर्वी आपल्या वस्तीत फार तर दुबई-मस्कतचे नाव निघत असे. आता तसे राहिलेले नाही. आपली मुले-मुली शिकली आणि नोकरीच्या निमित्ताने आफ्रिकेतील शहरांपर्यंत पोचली. कोणी औषध कंपनीत आहे, कोणी हिशेबनीस आहे, कोणी मोबाईलच्या टॉवरचे काम पाहतो. त्यांच्यामागोमाग आई-वडील, भाऊ-बहीणही पंधरा दिवस, महिनाभर पाहुणे म्हणून जाऊ लागले आहेत. केनियाची राजधानी नैरोबी हे त्यांपैकी एक मोठे शहर. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांचा प्रवास. मुंबईहून रेल्वेने मडगाव गाठायलाही बहुतेक वेळा याहून जास्त वेळ लागतो!

जाण्याचे नक्की झाले की शेजारीपाजारी दोन सल्ले हमखास देतात. पहिला, "तिकडे चोऱ्यामाऱ्या फार, जपून राहा." दुसरा, "त्या काळ्या लोकांना चार हात लांब ठेवा." पहिला सल्ला अर्धा खरा आहे. दुसरा मात्र साफ खोटा आहे आणि आपल्यासारख्यांच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. सुरक्षितता आणि सभ्यता हे दोन वेगळे विषय नाहीत. जो इतरांचा मान राखतो त्याला परक्या शहरातही मदतीचा हात मिळतो, हे ध्यानात ठेवूनच पुढील माहिती वाचावी.

निघण्यापूर्वी

केनियाने जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठी जुन्या पद्धतीचा व्हिसा बंद केला. त्याऐवजी निघण्यापूर्वी संगणकावरून प्रवास-परवानगी काढावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढावी. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र आहे की नाही, हे आपले सरकार भारतातील विमानतळावर तपासते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते, म्हणून ते पिवळे पुस्तक पासपोर्टइतकेच जपावे. साठीच्या पुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्याबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. नैरोबीच्या पुढे मोंबासा किंवा किसुमूकडे जाणार असाल तर हिवतापाच्या गोळ्यांचेही विचारून घ्यावे.

आता सामानाचे. आपली माणसे लाडू, चिवडा, लोणचे सारे कॅरीबॅगमध्ये बांधून नेतात. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. कायद्यात वीस ते चाळीस लाख शिलिंग दंड, किंवा एक ते चार वर्षे कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. तेव्हा खाऊ डब्यात भरावा आणि बरोबर कापडी पिशव्या न्याव्यात. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीही उतरताना सोडून द्यावी.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज नैरोबीला लागू नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. जून ते ऑगस्टमध्ये चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर न विसरता घ्यावा. मोठा पाऊस मार्च ते मे महिन्यांत आणि लहान पाऊस वर्षाअखेरीस पडतो. मंगळसूत्र, बांगड्या, चेन हे सोने घरी ठेवूनच निघावे. तिकडच्या भारतीयांकडे सोने असते हे चोरांना पक्के ठाऊक आहे.

घड्याळाची गंमत

नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. एवढ्यावर भागत नाही. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', अर्थात एक वाजला. आठ वाजता म्हणजे 'सा म्बिली', दोन वाजले. स्वाहिलीत वेळ ठरली असेल तर बोटांवर मोजून खात्री करून घ्यावी, नाहीतर गाडी चुकायची. इंग्रजीत बोलताना मात्र आपल्यासारखेच वाजतात.

शहर विषुववृत्ताजवळ असल्याने बारा महिने दिवस-रात्र जवळपास सारखे. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बघता बघता काळोख होतो. आपल्यासारखी लांबलेली संध्याकाळ तिथे नाही. दिवसाउजेडी परतायचे असेल तर साडेपाचलाच निघावे. अंधार पडल्यावर पायी फिरू नये, ओळखीची टॅक्सी करावी.

रस्त्यावर

सर्वसामान्य माणसाचे वाहन म्हणजे 'मटाटू'. चौदा सीटची व्हॅन किंवा छोटी बस, अंगभर रंगीत चित्रे आणि आत कानठळ्या बसवणारे गाणे. स्वाहिलीत 'टाटू' म्हणजे तीन. पूर्वी तीन नाणी भाडे होते, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. गर्दीच्या वेळी आणि पाऊस पडला की भाडे वाढते. म्हणून चढण्यापूर्वी शेजारच्या प्रवाशाला दर विचारावा आणि सुटे पैसे हातात ठेवावेत. पाकीट बाहेर काढून नोटा मोजत बसू नये. नवख्या माणसाने पहिली एक-दोन खेप ओळखीच्या सोबतीनेच करावी. मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीत बसण्यापूर्वी गाडीचा नंबर जुळवून पाहावा. 'बोडा बोडा' म्हणजे भाड्याची मोटारसायकल. ती झटपट नेते, पण अपघातही होतात. हेल्मेट नसेल तर बसू नये.

शहराच्या मध्यभागी, विशेषतः रिव्हर रोडच्या गर्दीत आणि बस-अड्ड्यांवर, खिसेकापूंपासून सावध राहावे. लोकल ट्रेनमध्ये दादर स्टेशनवर उतरणाऱ्याला हे शिकवायला नको. बॅग पुढे घ्यावी, रस्त्यात उभे राहून मोबाईल पाहू नये, वाहतूक तुंबलेली असताना मोटारीची काच वर ठेवावी. कोणी हत्यार दाखवलेच तर मोबाईल देऊन टाकावा. मोबाईल पुन्हा घेता येतो, जीव घेता येत नाही. मदतीसाठी ९९९ किंवा ११२ हे नंबर आहेत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. स्वाहिलीत चोराला 'म्विझी' म्हणतात. भर गर्दीत हा शब्द ओरडला तर जमाव धावून येतो आणि ज्याच्याकडे बोट दाखवले त्याला मरेस्तोवर मारतो, असे प्रकार नैरोबीत घडलेले आहेत. एका मोबाईलपायी, तेही संशयावरून, कोणाचे तरी पोर जमावाच्या हाती द्यायचे का? जमाव खरे-खोटे करत बसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वस्तू गेली तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

मॉल, हॉटेल, मोठ्या कचेऱ्या यांच्या दारात तपासणी होते. मोटारीखाली आरसा धरून पाहतात, बॅगा उघडतात. त्यात अपमान मानू नये. ७ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ला होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक केनियन होती. २०१३ साली वेस्टगेट मॉलवर आणि २०१९ साली एका हॉटेलवर अतिरेकी हल्ला झाला. वकिलातीच्या जागी आज स्मृतिउद्यान आहे. तिथे जाऊन दोन मिनिटे शांत उभे राहावे.

मोर्चा दिसला तर बघ्याची भूमिका घेऊ नये. २०२४ च्या जूनमध्ये करवाढीविरुद्ध तिथला तरुण वर्ग रस्त्यावर आला, २५ जूनला निदर्शक संसदेत घुसले आणि गोळीबारात माणसे मेली. पुढच्या वर्षीही जून-जुलैत तशीच निदर्शने झाली. त्यांचा लढा त्यांचा आहे. आपल्याला सहानुभूती जरूर असावी, परंतु पाहुण्याने त्या दिवशी घरातच थांबावे.

पैसा आणि 'चाय'

केनियाचे चलन शिलिंग. डॉलर बँकेत किंवा परवानाधारक दुकानातच बदलावेत, रस्त्यावर नव्हे. मार्च २००७ मध्ये तिथे 'एम-पेसा' सुरू झाले. पेसा म्हणजे आपला पैसाच! आपल्याकडे फोनवरून पैसे देणे रुळले त्याच्या कितीतरी आधी तिथला भाजीवाला मोबाईलवर पैसे घेऊ लागला होता. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले की पाहुण्यालाही हे खाते उघडता येते. पैसे देताना समोर येणारे नाव वाचूनच पिन दाबावा. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा," असा फोन आला तर आधी शिल्लक तपासावी. पिन कोणालाही सांगू नये.

स्वाहिलीत चहाला 'चाय'च म्हणतात. पण एखादा पोलीस किंवा कारकून "चाय" मागू लागला तर तो चहा नव्हे, लाच समजावी. दंड भरायची वेळ आली तर शांतपणे पावती मागावी, ठाण्यात चला म्हणावे. वाद घालू नये, आवाज चढवू नये. पासपोर्टची झेरॉक्स जवळ बाळगावी, मूळ प्रत सुरक्षित जागी ठेवावी. भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता आणि फोन घरातील प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवावा. मोबाईल गेला तर त्यातला नंबर काय कामाचा?

पोलीस, लष्कर, विमानतळ, राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि वकिलाती यांचे फोटो काढू नयेत. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, ते नेमून दिलेल्या जागीच चालते.

गळ्यातली डबी

आता सभ्यतेकडे वळू. त्यासाठी शहराचा थोडा इतिहास माहीत हवा. नैरोबी हे गाव १८९९ साली इंग्रजांच्या रेल्वेचा तळ म्हणून वसले. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा तो लोहमार्ग घालण्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. कोणी रोगाने, कोणी अपघाताने, तर काही त्सावोच्या सिंहांच्या तोंडी. रेल्वे संग्रहालयात त्या काळची इंजिने पाहायला मिळतात. ती पाहताना या मजुरांची आठवण ठेवावी.

इंग्रजांनी शहराची वाटणी रंगावरून केली. उत्तम जागा गोऱ्यांना, मधल्या हिंदी लोकांना आणि पूर्वेकडच्या दाटीवाटीच्या वस्त्या आफ्रिकनांना. पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिकन पुरुषांवर 'किपांडे' नावाचा दाखला सक्तीचा झाला. सोळा वर्षांवरील पुरुषाने आपल्या बोटांचे ठसे, मालकाचे नाव आणि मजुरीची नोंद असलेला कागद धातूच्या डबीत घालून ती डबी दोरीने गळ्यात अडकवायची. डबी नसेल तर शिक्षा. वाचकहो, गळ्यात काही अडकवून चालायला लावणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे का? पेशवाईतल्या पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेल्या, पण त्यांना करू न दिलेल्या भाषणात त्याची नोंद आहे.

किपांडे आणि जाचक कर यांविरुद्ध हॅरी थुकू या तरुण टेलिफोन ऑपरेटरने आवाज उठवला. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली. सुटकेसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पुरुष मागे सरकू लागले तेव्हा मेरी न्यांजिरू ही बाई पुढे झाली आणि त्या गोळीबारात मारली गेली. विद्यापीठाजवळच्या त्या रस्त्याला आज हॅरी थुकूचे नाव आहे.

आणि मधल्या पायरीवरचे आपले हिंदी लोक? वरच्याचा जाच सोसायचा आणि खालच्याला हिणवायचे, हीच श्रेणीबद्ध विषमता बऱ्याच जणांनी तिथेही पाळली. पण सर्वांनी नव्हे. मखन सिंग यांनी १९३५ साली तिथे कामगार संघटना उभारली, ती आफ्रिकन कामगारांना खुली केली आणि त्यापायी अकरा वर्षे स्थानबद्धता भोगली. मूळच्या गोव्याच्या घरात, नैरोबीतच जन्मलेले पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी कैदेत गेले. १९६५ साली त्यांच्या घरापाशीच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. हा मान कोणत्या हिंदी माणसांनी मिळवून दिला, दुकानात नोकराला "बॉय" म्हणणाऱ्यांनी की या लढणाऱ्यांनी, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बोलण्या-वागण्याची रीत

नैरोबीत कामाचे बोलण्यापूर्वी विचारपूस करावीच लागते. दुकानात जाऊन एकदम "अमुक द्या" म्हणणे असभ्य समजतात. "हबारी?" म्हणजे काय खबर? उत्तर, "न्झुरी", चांगली. आभाराला "असांते", क्षमेला "समहानी", कृपया म्हणायला "तफधाली". दुसऱ्याला ठेच लागली तरी "पोले" म्हणतात, म्हणजे वाईट वाटले हो. वयस्क पुरुषाला आदराने "म्झे" आणि बाईला "मामा" म्हणावे. नको असलेली वस्तू कोणी गळ्यात घालू लागला तर "हापाना, असांते," असे हसून सांगून पुढे चालावे.

ही भाषा आपल्याला परकी वाटत नाही. दुकानाला दुका, गाडीला गारी, साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू, चपातीला चपाती! अरबी व्यापारी आणि आपले दुकानदार व मजूर यांच्या येण्या-जाण्यातून हे शब्द तिथे रुजले.

मुलाच्या घरी स्वयंपाकाला, झाडलोटीला बाई असेल. तिचे नाव विचारावे आणि नावानेच हाक मारावी. तिचा कप वेगळा, ताट वेगळे, असले चाळे कृपा करून नेऊ नका. ज्यांच्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याचा कप वेगळा ठेवायचा? मराठीतून, हिंदीतून तिच्या रंगावर शेरे मारले तर तिला कळत नाही, असेही समजू नये. वर्षानुवर्षे भारतीय घरांत राबणाऱ्यांना हे शब्द पाठ असतात.

जेवणाचे आमंत्रण आले तर अवश्य जावे. यजमान कोमट पाण्याचा तांब्या आणि घमेले घेऊन हात धुवायला देतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. उजव्या हाताने त्याचा घास मोडून भाजीला लावून खातात, अगदी आपल्या भाकरीसारखा. सोबतच्या पालेभाजीचे नाव 'सुकुमा विकी', म्हणजे आठवडा ढकलणारी! पगार संपला की हिच्यावर दिवस काढायचे. आपल्या घरातील झुणका-भाकरीने किती महिनाअखेरी ढकलल्या, ते आठवावे आणि नाक न मुरडता खावे. पाणी मात्र उकळलेले किंवा बाटलीबंद प्यावे.

शहराच्या वेशीवरच १९४६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. मागे उंच इमारती आणि पुढे सिंह, असे दृश्य जगात क्वचितच दिसते. तिथे गाडीतून खाली उतरू नये, प्राण्यांना खायला देऊ नये आणि प्लास्टिकची पाण्याची बाटली नेऊ नये. जून २०२० पासून राखीव उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे. करुरा अरण्यात सकाळी पायी फिरता येते. ते जंगल बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून वंगारी मथाई यांनी १९९९ साली मार खाल्ला. २००४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

किबेरा आणि आपला कॅमेरा

काही लोक पर्यटकांना किबेरा दाखवायला नेतात. पत्र्याच्या छपरांची ही अफाट वस्ती. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या सुदानी वंशाच्या नूबी सैनिकांना तिथे राहू दिले, पण जमिनीचा हक्क द्यायचे टाळले. मुंबईत धारावी पाहायलाही परदेशी पाहुणे येतात. नळावर रांगेत उभे असताना कोणी आपला फोटो काढला तर आपल्याला कसे वाटते? तेच तिथल्या माणसाला वाटते. जायचेच असेल तर तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत जावे, त्यांच्या दुकानातून काहीतरी विकत घ्यावे आणि विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो काढू नये. मुलांच्या घोळक्यात गोळ्या-चॉकलेट उधळू नयेत. त्याने पोट भरत नाही, फक्त हात पसरायची सवय लागते.

शेवटी इतकेच की, सभ्यता विमानतळावर सुरू होऊन विमानतळावर संपत नाही. पुण्यात, मुंबईत आफ्रिकन विद्यार्थी शिकायला येतात, केनियाचे रुग्ण उपचाराला येतात. २०१६ साली बंगळुरात एका टांझानियन विद्यार्थिनीला आणि २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. नैरोबीत आपल्या लेकराला जशी वागणूक मिळावी असे वाटते, तशीच वागणूक आपल्या गल्लीत खोली शोधत आलेल्या आफ्रिकन मुलाला मिळाली पाहिजे. त्याला खोली देताना आडनाव आणि रंग पाहणारे पुष्कळ आहेत. आपण त्यांतले होऊ नये. परदेशी जाणाऱ्यांनी सोने घरी ठेवावे आणि माणुसकी सोबत न्यावी.

जयभीम.